चुन्यातलं अ जीवनसत्त्व

त्यांचे तळहात पिवळे होते. नवा माणूस आधी हात बघायचा, मग डोळ्यांत बघायचा आणि हळूच विचारायचा, "सर, कावीळ झाली का हो?" ह्या प्रश्नाची सर वाटच पाहत असत. "डोळे पाहा, पांढरे आहेत. काविळीत डोळेही पिवळे होतात. हे गाजर आहे, गाजर!" असं म्हणून दोन्ही हात मेंदी दाखवणाऱ्या नवरीसारखे पुढे धरायचे. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस लोकांना म्हणीतच भेटतो. मला तो रोज हजेरीपुस्तकावर सही करताना भेटायचा.

नांदुऱ्याच्या शाळेत ते वरच्या वर्गांना विज्ञान शिकवत आणि मी भूगोल. महाराष्ट्र नुकताच झाला होता. माझ्या वर्गातल्या भिंतीवर अजून जुन्या द्वैभाषिक राज्याचाच नकाशा होता. नवा येईपर्यंत गुजरातवर मी कोरा कागद टाचून ठेवला होता. सरांना त्याचंही हसू यायचं. "बाई, तुमचा विषय सरकार बदललं की बदलतो. माझा बदलत नाही." आमचं जमण्यासारखं काही नव्हतं ते पहिल्या आठवड्यातच मला कळलं.

थंडीत ते फळ्यासमोर उभे राहून गाजर खायचे. एका हातात खडू, एका हातात गाजर. एकदा बोलण्याच्या भरात खडू तोंडात घातला आणि वर्ग हसत सुटला. तरी ह्या महाशयांनी खडू चावून गिळला आणि शांतपणे म्हणाले, "कॅल्शियम." उन्हाळ्यात पपई, पावसाळ्यात तरोट्याची भाजी. पोरं त्यांना गाजरसर म्हणत आणि ते त्यांना आवडायचं. नापास होणाऱ्या पोराच्या बापाला ते अभ्यासाबद्दल चकार शब्द बोलत नसत. म्हणत, "ह्याच्यात अ कमी आहे." बाप बिचारा विचारात पडायचा, की अ कमी आहे म्हणजे पोराला बाराखडीसुद्धा येत नाही की काय!

माझंही निदान झालं होतं. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुमचा स्वभाव कोरडा आहे. अ जीवनसत्त्व कमी पडलं की ओलसर कातडी कोरडी पडते, खवल्यासारखी होते. स्वभावाचंही तसंच असणार."

"माझा स्वभाव तुमच्यापुरताच कोरडा आहे सर," मी म्हटलं. हेडमास्तरांना चहाचा ठसका लागला.

आता हे वेड आलं कुठून तेही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकाच बाजूनं बोलते. निवडणुकीच्या कामावर सरांना संग्रामपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वाडीत पाठवलं होतं. तिथे एक लहान मुलगी दिवेलागणीला भिंतीवर आपटायची. घरचे म्हणायचे, बाहेरची बाधा आहे. सरांनी ओळखलं, रातांधळेपणा. खामगावहून माशाच्या तेलाची बाटली पाठवली, आणि थोड्याच दिवसांत पोरगी अंधारात शेळ्या बांधायला लागली. हे खरं आहे. मी नाकारत नाही. त्या पोरीसाठी त्यांना दोन हात जोडले तरी माझं काही जात नाही. पण तिथेच थांबायचं की नाही? एका पोरीचे डोळे बरे केले तर आता कॅन्सर बरा करतो म्हणून निघाले! हे म्हणजे सायकलचं पंक्चर काढता आलं म्हणून मेलचं इंजिन उघडायला बसण्यापैकी झालं.

अकोल्याच्या कुठल्याशा वाचनालयात त्यांना जुनी परदेशी मासिकं सापडली होती. त्यात लिहिलं होतं, की अ जीवनसत्त्वावाचून ठेवलेल्या उंदरांच्या श्वासनळीचं आतलं मऊ अस्तर टणक होतं. बस्स. तेवढ्यावर सरांनी आपला सिद्धान्त उभा केला. तंबाखू खाणाऱ्याच्या गालात पांढरा चट्टा येतो, तोही मऊ कातडी टणक झाल्यामुळेच. त्यातूनच पुढे कॅन्सर होतो. म्हणजे त्या कातडीला अ दिलं की ती पुन्हा मऊ होणार आणि कॅन्सर दारातूनच परत जाणार. "कॅन्सर म्हणजे काय? ऐकेनाशी झालेली पेशी," ते म्हणायचे. "बाकीची जीवनसत्त्वं शरीराच्या ताकदीसाठी. अ हे पेशीच्या अकलेसाठी."

आणि हे सगळं ऐकायला त्यांना माझे बाबा भेटले.

बाबा धान्यबाजारात हर्रास पुकारायचे. हर्रास म्हणजे लिलाव. तुरीचा ढीग असो की ज्वारीचा, ओट्यावर उभे राहून बोली चढवत नेणं हे त्यांचं काम. त्यांचा आवाज स्टेशनावर ऐकू जातो अशी गावात ख्याती होती. आमचं घर त्या आवाजावर चालायचं. आणि त्या आवाजाच्या शेजारी, डाव्या गालात, दिवसभर तंबाखूची गोळी. ते हसले की आतला पांढरा चट्टा दिसायचा. मीच त्यांना ओढून खामगावच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी गालात बोट घालून बघितलं आणि साफ सांगितलं, "तंबाखू आजपासून बंद. काही महिन्यांनी पुन्हा दाखवा. चट्टा तसाच राहिला किंवा काही टणक लागलं तर सरळ नागपूर."

माझ्या बाबांनी तंबाखू सोडली हो! दिवाळीच्या पाडव्याला डबी आईच्या हातात दिली. आई त्या डबीला नमस्कार करून ती चुलीत टाकणार होती, पण पितळेची म्हणून फडताळात ठेवली. मग सुरू झाले हाल. बाबा बडीशेप चघळायचे, लवंग चघळायचे, आईवर ओरडायचे, मग तिच्याच मागे मागे फिरायचे. ओट्यावर बोली चुकली म्हणून एकदा डोळ्यांत पाणी आणून घरी आले. "पोरी, तोंड कसं सुनं सुनं लागून राह्यलं," म्हणाले. पण सोडली ती सोडली. संक्रांतीपर्यंत चट्टा पुसट झाला होता. मला आनंद मावत नव्हता.

संक्रांतीला सर तिळगूळ घ्यायला आले. मी बोलावलं नव्हतं. ते सगळ्या शिक्षकांच्या घरी जायचे, कारण प्रत्येक घरी नवीन तोंडं बघायला मिळायची. बाबांनी चट्ट्याचा विषय काढला मात्र, सरांनी तिळाचा लाडू बाजूला ठेवून बॅटरी मागितली.

"भाऊ, तंबाखू सोडून किती दिवस राहाल?" सर म्हणाले. "सवय सुटत नसते. आज ना उद्या खालच. त्यापेक्षा विष ज्या वाटेनं जातं त्याच वाटेनं औषध पाठवावं."

"म्हंजे कसं?" बाबा पुढे सरकले.

"चुन्यातून."

तर हे होतं सरांचं संशोधन! माशाचं तेल कोणी पीत नाही, वास मारतं. पण चुना तर प्रत्येक तंबाखू खाणारा लावतोच. तेव्हा चुन्यातच तेल कालवायचं, वास मारायला वेलची घालायची. तंबाखू जिथे ठेवली जाते नेमकं तिथेच औषध बसणार. तंबाखूनं कातडी बिघडवायची आणि चुन्यानं ती दुरुस्त करायची. दोघांचंही काम चालू.

"अहो सर," मी म्हटलं, "डॉक्टरांनी तंबाखू बंद सांगितलीय. आणि चुन्यात तेल? तुम्हीच आठवीला शिकवता ना, आपल्या खाऱ्या पाण्यात साबण का फेसाळत नाही? बादलीला जो चिकटा बसतो तो कशाचा? चुना आणि तेल कालवून तुम्ही तोच चिकटा करताय. त्यात औषध राहील कुठे?"

सर गोड हसले. "बाई, तुम्ही भूगोल शिकवा."

मी बाबांकडे बघितलं. त्यांचं तोंड शाळेला अचानक सुट्टी मिळालेल्या पोरासारखं झालं होतं. "पाय पोरी," ते म्हणाले, "सर सायन्सचे हायत. थे सांगून राह्यले तं काही असंल त्याच्यात." मग आत वळून आईला, "अवो, थे डबी काढ बरं फडताळातून."

आई मुकाट्यानं उठली. शिकलेल्या माणसापुढे बोलायची तिची पद्धत नव्हती. मी बोलले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. काय उपयोग? एका माणसानं सोडायला सांगितलं होतं आणि दुसऱ्यानं खायला. कोणाचं ऐकलं जाणार हे काय मी सांगायला हवं?

सरांचा चुना बघता बघता बाजारभर पसरला. फुकट होता, वेलचीचा होता आणि वर आरोग्याचा होता. ज्यांनी तंबाखू कमी केली होती त्यांनी पुन्हा वाढवली. "आता काही होत नाही बे, सराचा चुना हाय," म्हणत दिवसातून चार गोळ्या जास्त. सर ओट्याओट्यानं हिंडून डब्या भरायचे. अडत्या शेठजी तर त्यांची गादीवर बसवून सरबराई करायचे. शेठजींच्या घरात कांदासुद्धा शिजत नसे. महिनोन्‌महिने चुना खाल्ल्यावर एकदा त्यांनी कौतुकानं विचारलं, "सर, ह्याच्यात असं काय टाकता हो?" आणि सर, ज्यांना कधी कुठे गप्प बसायचं ते जन्मात कळलं नाही, म्हणाले, "शार्क."

शेठजींना आधी अर्थ कळला नाही. कळला तेव्हा ते गादीवरून उठले ते थेट नळावर. चुळा भरता भरता दिवस मावळला म्हणतात. बाजारात दंगाच व्हायचा बाकी राहिला. "सांगितलं असतं तर खाल्लं असतं का त्यांनी?" सर मला दुसऱ्या दिवशी विचारत होते. एखाद्याच्या तोंडात त्याला न सांगता काही घालू नये, एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरत नव्हती. त्यांना वाटे शेठजी मागासलेले. शेठजी वाचले, असं मी म्हणते. त्या किळसेनं त्यांची तंबाखू कायमची सुटली. सरांच्या हातून झालेला तेवढाच एक इलाज, आणि तोसुद्धा चुकून.

बाबांना कसली किळस! ते मासे आवडीनं खायचे. दर रविवारी सर यायचे. बाबा दारात उजेडाला तोंड उघडून बसायचे. सर बॅटरी मारून काडेपेटीतल्या काडीनं चट्टा मोजायचे. "कमी झालाय! भाऊ, आणखी कमी झालाय!" चट्टा बाबांनी तंबाखू सोडली होती तेव्हाच कमी झाला होता, हे मी शंभरदा सांगितलं. सरांनी माझं ऐकलं नाही. त्यांनी मोजायला सुरुवात केली तिथून त्यांचं शास्त्र सुरू होत होतं.

एका रविवारी बाबांनी विचारलं, "पण सर, त्या पेशीले कसं कळते, अ आलं म्हणून?"

सरांचा चेहरा उजळला. मला कबूल करावं लागतं, त्या क्षणी ते मला बरे वाटले होते. "भाऊ, तुम्ही ओट्यावर किती का ओरडा, समोर बोली घेणारा नसला तर माल उचलेल कोण? पेशीत कुठेतरी एक बोली घेणारा बसलेला असणारच. तो अ ओळखतो, पकडतो आणि मग आत हुकूम सोडतो. तो कोणी अजून बघितला नाही. पण तो आहे."

बाबा खूश झाले. आपल्या गालात आपल्यासारखीच हर्रास चालते म्हणून बाजारात सांगत सुटले. आणि त्याच सुमारास ते भाकरी दुधात भिजवून खायला लागले. तिखट चालेना. चहा निववून प्यायला लागले. चट्टा गेला होता म्हणा, पुसट होता म्हणा, सर त्याच्याकडेच काडी घेऊन बघत होते. जिभेच्या बाजूला, तळाशी, एक जखम झाली होती आणि जबड्याखाली गाठ लागत होती. तिच्याकडे सरांनी एकदाही बघितलं नाही, कारण त्यांच्या सिद्धान्तात गाठ नव्हती. गाठ माझ्या हाताला लागली, बाबांच्या मानेला तेल चोळताना.

त्याच आठवड्यात मी त्यांना गाडीत घालून नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी खूप वेळ तपासलं. मग विचारलं, "तंबाखू कधी सोडली?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, "सोडली होती जी. मंग औषध म्हून चालू केली."

"तंबाखू? औषध म्हणून?"

बाबांनी बंडीच्या खिशातून पितळेची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "हे कोणी दिलं?"

"आमच्या गावचे सर हायत," बाबा अभिमानानं म्हणाले. "सायन्सचे."

डॉक्टरांनी डबीचं झाकण लावलं. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, अर्धी जीभ जाईल, जबड्याचा तुकडा जाईल, जीव बहुतेक राहील. उशीर झालाय म्हणाले. किती उशीर, ते मला ठाऊकच होतं. संक्रांतीपासूनचा.

माझी भाची आता कॅन्सरची डॉक्टर आहे. परवा ती आली होती तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "मावशी, तो बोली घेणारा खरंच सापडला. त्याला ग्राहक रेणू म्हणतात. पेशीच्या अगदी केंद्रात बसलेला असतो. अ जीवनसत्त्वापासून बनलेलं एक आम्ल त्याला चिकटतं आणि तो पेशीला सांगतो, आता मोठी हो, शहाणी हो. रक्ताचा एक कॅन्सर आहे, त्यात तोच बिघडलेला असतो. त्या आम्लाच्या गोळ्या दिल्या की अडून बसलेल्या पेशी वाढून शहाण्या होतात. माणसं बरी होतात गं, मी स्वतः केलीत."

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. म्हणजे तो माणूस बरोबर होता?

"तोंडातल्या चट्ट्यावर पण प्रयोग झालेत," ती पुढे म्हणाली. "चट्टा जातो, पण औषध थांबलं की परत येतो. जास्त दिलं तर यकृताला विष. आणि सिगारेट ओढणाऱ्यांना गाजरातल्या त्याच पिवळ्या द्रव्याच्या गोळ्या देऊन बघितलं, तर कॅन्सर उलट वाढला."

"आणि चुन्यातून?" मी विचारलं.

"चुन्यातून काय डोंबल होणार, मावशी!"

मला जरा बरं वाटलं. लोक म्हणतील, बाई, निदान आता तरी त्या माणसाला मोठेपणा द्या, काळाच्या पुढे होता. द्या तुम्ही! पेशीच्या आत कोण बसलंय ते त्याला न बघता दिसलं, आणि बॅटरी मारून समोर बसलेला माझा बाप दिसला नाही. असल्या हुशारीला काय चुलीत घालायचंय?

बाबा घरी आले तेव्हा पुढच्या वर्षीचा उन्हाळा लागला होता. त्यानंतर ते काही वर्षं जगले, पण ओट्यावर पुन्हा उभे राहिले नाहीत. अर्ध्या जिभेनं बोलायचे. ते बोलणं मला आणि आईला तेवढं कळायचं, दुसऱ्यांना आम्ही सांगायचो. ते परतल्याचं कळताच एका दुपारी सर आले. मी दारातून परत पाठवणार होते, पण बाबांनी हात वर करून बसा म्हणून खूण केली. बाजारातला एक हमाल भेटायला आला होता, तोही बसलेला होता.

सरांच्या चेहऱ्यावर खंत असेल म्हणून मी बघत होते. त्यांनी खिशातून नवी डबी काढली. "भाऊ, प्रमाण कमी पडलं होतं. ह्यात मी दुप्पट घातलंय. दुसऱ्या गालासाठी आतापासूनच सुरू करू."

आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता, तो मी त्यांच्या अंगावर कसा फेकला नाही देव जाणे.

बाबांनी शांतपणे डबी घेतली. हमालाकडे हात पुढे केला. त्यानं घाबरत घाबरत तंबाखूची पिशवी दिली. बाबांनी तळहातावर तंबाखू घेतली, सरांच्या डबीतला चुना बोटाला लावला आणि पूर्वीसारखी अंगठ्यानं मळायला लागले. मी "बाबा!" म्हणून ओरडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चांगली मळली, थोपटली, भुकटी उडवली, चिमूट केली, आणि ती सरांपुढे धरली.

सर मागे सरकले. "नाही नाही भाऊ, मी नाही खात. तंबाखूला मी आयुष्यात शिवलो नाही."

बाबांचा हात तसाच पुढे होता.

"अहो, तंबाखूनं कॅन्सर होतो," सर म्हणाले.

बाबा थोडे पुढे वाकले. "काऊन?" ते म्हणाले. "चुना तं तुमचाच हाय."

अर्ध्या जिभेचं बोलणं होतं. बाबा काय म्हणाले ते सरांना सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर सर उठले होते. डबी तिथेच ठेवून, चपला हातात घेऊन, उन्हात अनवाणीच निघून गेले. मला त्यांना काही सांगावं लागलं नाही.